जामखेडच्या तक्त्यातला पहिला रकाना

जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचा एक तक्ता सार्वजनिक आरोग्याच्या पुस्तकांतून आणि अहवालांतून पुन्हा पुन्हा छापला गेला आहे. डावीकडे विषय, वर वर्षे. पहिला रकाना १९७१चा. त्यात बालमृत्यू दर हजार जन्मांमागे १७६, जन्मदर हजार लोकसंख्येमागे ४०, गरोदरपणात तपासणी झालेल्या बाया अर्धा टक्का, लसी मिळालेली मुले तेवढीच, आणि पाच वर्षांखालची कुपोषित मुले ४० टक्के. पुढे १९७६, १९८६, १९९६ असे रकाने येतात, मृत्यू, जन्म आणि कुपोषणाचे आकडे उतरत जातात, तपासणी आणि लसींचे चढत जातात. वाचणारा सहसा शेवटच्या रकान्याकडे धावतो, कारण यश तिथे आहे. मला पहिल्या रकान्यात थांबायचे आहे. तो कसा घडला हे कळले तरच पुढचे रकाने खरे किती आणि कशाचे, हे कळेल.

दराचे आकडे डोळ्यांसमोर चित्र उभे करत नाहीत, म्हणून आधी साधा हिशेब करू. हजार वस्तीचे एक गाव घ्या. जन्मदर ४० म्हणजे वर्षाला ४० बाळे जन्मली. हजारामागे १७६ या दराने त्यांतली सात पहिला वाढदिवस पाहत नव्हती. वर्षाला सात म्हणजे दोन महिने पुरे व्हायच्या आत गावात कुणाच्या तरी दारातून लहानगे मूल पुरायला नेले जात होते. त्या वर्षी देशाच्या ग्रामीण भागाचा नमुना नोंदणीतला बालमृत्यूदर १३८ होता. म्हणजे देशाची खेडीच वाईट अवस्थेत होती आणि जामखेड त्यांच्याही मागे होते.

का मागे, याचे पहिले उत्तर नकाशात आहे. जामखेड तालुका अहमदनगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बालाघाटाच्या डोंगररांगांत. १८८४च्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये जामखेडची गावे निजामाच्या मुलखात विखुरलेली, तुटक तुटक दिसतात. याच तालुक्यात खर्डा, जिथे १७९५ साली मराठे आणि निजाम लढले. याच तालुक्यात चौंडी, जिथे १७२५ साली अहिल्याबाईंचा जन्म झाला. २०२४ साली अहमदनगर जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले ते याच तालुक्याच्या लेकीचे. पुढे मी जुन्या कागदांच्या काळासाठी जुनेच नाव वापरतो.

क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरांच्या वर. त्याच्या उत्तरेला भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, ऊस आला, आणि १९५०मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊस, पतपेढी, रस्ता, शाळा, दवाखाना अशी साखळी तिथे एकमेकांच्या आधाराने तयार झाली. दक्षिणेला जामखेड, कर्जत, पाथर्डी, पारनेर या पर्जन्यछायेच्या तालुक्यांतून ती साखळी सुरूच झाली नाही. तिथली माणसे पाऊस गेल्यावर कोयता घेऊन उत्तरेच्या किंवा पश्चिमेच्या उसात जात. जिल्ह्याची सरासरी काढली की या दोन टोकांतले अंतर पुसले जाते, म्हणून जिल्ह्याच्या आकड्यांवर जामखेडचा इतिहास लिहिता येत नाही.

दवाखाने जिल्ह्यात नव्हते असे नाही. नगर शहरात अमेरिकन मराठी मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून होते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. ज्युलिया बिसेल यांनी तिथे बायका-मुलांसाठी रुग्णालय उभे केले. नेवासा तालुक्यात वडाळ्याला मिशनचा दवाखाना होता. जामखेडहून नगर सुमारे ७५ किलोमीटर. आज गाडीने हे अंतर फार वाटत नाही. पण डोंगरातल्या वस्तीवरून आधी सडकेपर्यंत पायी किंवा बैलगाडीने यायचे, मग एसटीची वाट पाहायची, मग शहरात कुणाकडे तरी उतरायचे. एका आजाऱ्यामागे दोन धडधाकट माणसांची मजुरी बुडायची. औषधाचा पैसा याच्यानंतरचा.

मराठीत यासाठी एक शब्दप्रयोग आहे, ‘दुखणे अंगावर काढणे’. जामखेडचे १९७१चे आकडे वाचताना तो सतत आठवतो. ताप अंगावर काढला, खोकला अंगावर काढला, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव अंगावर काढला. बाहेरून पाहणाऱ्याला हे अज्ञान वाटते. मला त्यात हिशेब दिसतो. आज मजुरी बुडवून नगरला गेलो तर उद्या चूल पेटणार नाही, आणि दुखणे आपोआप बरे होण्याची थोडीफार शक्यता असतेच. मोठ्या माणसाच्या बाबतीत हा हिशेब कधी जमून जातो. जुलाब लागलेल्या सहा महिन्यांच्या बाळाला मात्र तेवढा वेळ नसतो. दोन दिवसांत त्याच्या अंगातले पाणी संपते.

सरकारच्या कागदांत हे आधीच लिहिलेले होते. सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल १९४६ साली आला. ब्रिटिश हिंदुस्थानात ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, ४३ हजारांमागे एक परिचारिका आणि हजार माणसांमागे पाव खाटही नाही, असे त्याने मोजून सांगितले. दर ४० हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र ही सुरुवातीची पायरी त्याने सुचवली, आणि पैसे नाहीत म्हणून कुणाला उपचार नाकारले जाऊ नयेत, हे तत्त्व मांडले. पुढच्या पंचवीस वर्षांत केंद्रे उभी राहिली, पण बहुतेक ठिकाणी इमारत आधी आली आणि माणूस मागाहून आला, किंवा आलाच नाही.

जामखेडचा प्रकल्प उभा केला तो आरोळे दांपत्याने. रजनीकांत आरोळे याच जिल्ह्यातले, राहुरीचे. आईवडील दोघेही शिक्षक. मेबल इम्मॅन्युएल जबलपूरच्या. दोघे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले, १९६० साली त्यांचे लग्न झाले, आणि १९६२ ते १९६६ ही वर्षे त्यांनी वडाळ्याच्या दवाखान्यात काढली. त्यांच्या लिखाणात वडाळ्याचा अनुभव फार मोलाचा आहे, कारण तो अपयशाचा आहे. दवाखाना भरलेला असे, दोघे रात्रंदिवस राबत, आणि तरी आसपासच्या गावांतला आजार कमी होत नव्हता. बरे करून पाठवलेले मूल काही आठवड्यांनी त्याच दुखण्याने परत येई. येणाऱ्यांतले बहुतेक आजार मुळात टाळता येण्यासारखे होते, आणि सर्वांत गरीब होते ते तर दारापर्यंत पोचतच नव्हते. मग दोघे अमेरिकेत गेले, शस्त्रक्रिया आणि वैद्यकशास्त्राचे पुढचे शिक्षण घेतले, जॉन्स हॉपकिन्सला डॉ. कार्ल टेलर यांच्याकडे सार्वजनिक आरोग्य शिकले, आणि १९७० साली जामखेडला आले. स्थानिक पुढाऱ्यांनी त्यांना बोलावले होते. दवाखाना सुरू झाला तो जनावरांच्या जुन्या, बंद पडलेल्या दवाखान्याच्या इमारतीत.

१९७० ते १९७६ ही सहा वर्षे मला या कहाणीत सर्वांत महत्त्वाची वाटतात. त्यांच्यासाठी मुख्य कागद दोन. एक, जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली केनेथ न्यूवेल यांच्या संपादनाखाली काढलेल्या पुस्तकातले आरोळे दांपत्याचे प्रकरण. दुसरा, १९९४ साली आलेले त्यांचे स्वतःचे ‘जामखेड’ हे पुस्तक. पहिला कागद घटनांच्या जवळचा, कोरडा, आकड्यांचा. दुसरा वीस वर्षांनंतरचा, माणसांच्या गोष्टींनी भरलेला. दोन्ही प्रकल्प चालवणाऱ्यांनीच लिहिलेले आहेत, हे वाचताना विसरून चालत नाही. पण चालवणारा स्वतःची चूक लिहून ठेवतो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायला आधार मिळतो, आणि या कागदांत चुका आहेत.

पहिली चूक प्राधान्याची. गावाला हवे काय म्हणून विचारले तर गावाने दवाखाना पहिल्यांदा मागितला नाही. अन्न आणि पाणी मागितले. त्यातच १९७२चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना खडी फोडण्याची कामे आणि सुकडी अजून आठवते. प्रकल्पाने लहान मुलांसाठी आणि गरोदर बायांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाकघरे काढली आणि पाण्यासाठी कूपनलिका खोदल्या. कूपनलिकांची संख्या शंभरावर गेली. हातपंप कुठे बसवायचा हा प्रश्न इथे आरोग्याइतकाच जातीचा होता. आरोळ्यांच्या वृत्तांताप्रमाणे अनेक गावांत पंप जाणूनबुजून दलित वस्तीत बसवले गेले. पाणी हवे तर सवर्ण बाईला कळशी घेऊन तिथे जावे लागे. स्वच्छ पाण्याने जुलाब कमी झाले हे तर खरेच. पण त्या पंपाभोवती कोण कोणाशेजारी उभे राहिले, हेही आरोग्याच्या इतिहासात मोडते. त्याआधी गावाच्या विहिरीला हात लावायची ज्यांना मुभा नव्हती, त्यांच्यासाठी पाणी आणि दवाखाना सारखेच लांब होते.

दुसरी चूक नर्सच्या नेमणुकीची. शिकलेल्या सहायक परिचारिकांना गावोगाव नेमले की काम होईल, असा पहिला बेत होता. तो फसला. शहरातून आलेल्या तरुण मुलीला खेड्यात एकटे राहणे कठीण, गावाला तिची भाषा आणि राहणी परकी, आणि सासूला विचारल्याशिवाय घरात काही न घडणाऱ्या ठिकाणी तिच्या सल्ल्याला वजन नाही. मग गावातलीच बाई निवडायची असे ठरले. निवड गावाने करायची. आलेल्या बायांतल्या बऱ्याच मध्यमवयीन, बहुतेक निरक्षर आणि पुष्कळशा दलित समाजातल्या होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्याही.

त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, एकत्र जेवत आणि एका खोलीत झोपत. मेबल आरोळे त्यांना शिकवत. वही नव्हती, त्यामुळे शिकणे बोलण्यातून, पाठांतरातून आणि अनुभव एकमेकींना सांगण्यातून झाले. जाताना पिशवीत साधी औषधे, डोळ्यांचे मलम, संततिनियमनाची साधने आणि बाळंतपणासाठी निर्जंतुक केलेले पुडके असे. हे पुडके किरकोळ वाटते. ज्या घरात नाळ कापायला हाताशी असेल तो विळा वापरला जाई, तिथे एक स्वच्छ ब्लेड आणि स्वच्छ दोरा म्हणजे बाळाला धनुर्वात न होणे. जुलाबासाठी साखर-मिठाचे पाणी. हे पाणी नगरहून आणावे लागत नव्हते आणि त्यासाठी कुणाची मजुरी बुडत नव्हती.

या ठिकाणी तक्त्याचा दुसरा रकाना पाहावा. १९७६, बालमृत्यू ५२, जन्मदर ३४. आपल्या हजार वस्तीच्या गावात वर्षाला साताऐवजी दोनाहून कमी. पाच वर्षांत. नगर जवळ आले नव्हते, जमीन कुणाची वाढली नव्हती. कमी झाले ते मृत्यू मुख्यतः असे होते की जे टाळायला डॉक्टरची गरज नव्हती. जुलाब, धनुर्वात, गोवर, उपासमार. गरिबीने अडवलेली वाट तशीच राहिली, पण त्या वाटेने जाण्याची गरज पुष्कळांना उरली नाही.

याच्या पुढचा रकाना मात्र मला थांबवतो. १९८६, बालमृत्यू ४९. दहा वर्षांत ५२वरून ४९. आपल्या गावात वर्षाला पावणेदोन मृत्यू होते ते सव्वाच्या थोडे वर राहिले, आणि तेही मुख्यतः जन्मच कमी झाले म्हणून. इतक्या लहान संख्येत एखादे वाईट वर्ष आकडा वरखाली करू शकते, त्यामुळे ५२ आणि ४९ मध्ये फरक आहे असे ठामपणे म्हणू नये. त्या काळात कुपोषण ३० टक्क्यांवरून ५वर आले होते, म्हणजे काम थांबलेले नव्हते. उरलेले मृत्यू वेगळ्या जातकुळीचे होते, असा माझा अंदाज आहे. १९९६ साली दर २६ आणि जन्मदर २०पर्यंत आला, म्हणजे आपल्या गावात दोन वर्षांत एक मूल.

तोवर जग जामखेडला आले होते. १९७८च्या सप्टेंबरात आल्मा-आता येथे सर्वांसाठी आरोग्याचा जाहीरनामा निघाला, त्यामागच्या विचाराला ज्या उदाहरणांचा आधार होता त्यांत न्यूवेल यांच्या पुस्तकातले जामखेड होते. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९०मध्ये पद्मभूषण. १९८८ साली जामखेडच्या आरोग्य सेविका मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबराकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले की डॉक्टर त्या दिव्यांसारखे, सुंदर आणि महाग, आणि आपण या हातातल्या पणतीसारख्या, पण पणतीवरून पणती लावता येते. हे बोलणे जगभर उद्धृत झाले. मला त्यातली ‘महाग’ ही खूण सर्वांत मोलाची वाटते. ज्या बाईने आयुष्यभर खर्च मोजला, तिला झुंबरात आधी किंमत दिसली.

दिल्लीनेही काही उचलले. २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशभर आरोग्य रक्षकांची योजना सुरू झाली, गावात एक माणूस. पण निवडले गेले ते बहुतांश पुरुष, आणि त्यांच्या मागे जामखेडसारखा दर आठवड्याचा वर्ग, गावात फेरी मारणारे पथक आणि अवघड रुग्ण घेणारा जवळचा दवाखाना नव्हता. पिशवी घेतली, पिशवीमागची व्यवस्था सोडली. पुढे २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ आल्या, त्या बायाच आणि हजार वस्तीला एक. पण दरम्यान जवळपास तीस वर्षे गेली होती.

बाहेरच्यांनी जामखेडची कसून तपासणी केली ती २०१०मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात. प्रकल्पाच्या गावांची तुलना आसपासच्या इतर गावांशी केली गेली. माहितीचा आधार बायांनी सांगितलेला आपापल्या बाळंतपणांचा इतिहास. १९९२ ते २००७ या वर्षांत जन्मलेल्या मुलांमध्ये, पहिला महिना उलटल्यानंतर पाच वर्षांपर्यंत दगावण्याचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. तोपर्यंत सरकारी लसीकरण शेजारच्या गावांतही पोचले होते, म्हणजे तुलना १९७१च्या जामखेडशी नव्हती, सुधारलेल्या शेजाऱ्याशी होती. तरी ३० टक्के. पण पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंमध्ये तसा स्पष्ट फरक दिसला नाही.

इथे एक सोपा निष्कर्ष समोर येऊन उभा राहतो. जुलाब आणि गोवर गावात जिंकता येतात, नवजात बाळाला मात्र रस्ता, वीज, डॉक्टर लागतात, आणि त्यांच्या अभावापाशी पिशवीची मर्यादा आली. मीही बराच काळ तसेच मानत होतो. पण त्याच्या अकरा वर्षे आधी, १९९९ साली, गडचिरोलीहून डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या पथकाने ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेला लेख याच्या आड येतो. जामखेडहून कितीतरी दुर्गम अशा ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाचे वजन करायला, त्याला ऊब द्यायला, श्वास अडला तर काय करायचे ते, जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवले. नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला. रस्ते तिथेही धड नव्हते. मग प्रश्न असा होतो की गावातल्या बाईच्या हातात नेमके किती कौशल्य आणि कोणते औषध द्यायला शिकलेले लोक तयार आहेत. जामखेडने १९७०च्या दशकात ती सीमा बरीच पुढे सरकवली. गडचिरोलीने ती आणखी पुढे नेली.

अडलेल्या बाळंतिणीसाठी मात्र गाडी, शस्त्रक्रियेची खोली, रक्त आणि पैसा लागतोच, तिथे पणती पुरत नाही. जामखेडच्या गावांना आरोळ्यांचा दवाखाना जवळ होता, शेजारच्या कितीतरी तालुक्यांना तसा नव्हता. आणि रस्ता झाल्यावरही हिशेब संपत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८च्या फेरीत एका वेळच्या रुग्णालयातल्या भरतीचा देशातला सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खाजगीत ३१,८४५ रुपये निघाला. ग्रामीण भागातल्या सुमारे १३ टक्के कुटुंबांनी असा खर्च मुख्यतः कर्ज काढून केला. १९७१मध्ये सडक लांब होती म्हणून दुखणे अंगावर काढले जाई. आज सडक दारात आहे आणि ऊसतोडीची उचल आधीच खर्च झालेली आहे, म्हणून काढले जाते.

मेबल आरोळे १९९९ साली गेल्या, रजनीकांत आरोळे २०११ साली. या इतिहासाचे कागद त्यांनी, परदेशी संपादकांनी, समित्यांनी आणि संशोधकांनी लिहिले. ज्यांनी पिशवी खांद्याला लावून वस्त्या तुडवल्या त्यांच्यातल्या बहुतेकींना लिहिता येत नव्हते, त्यांचे शब्द दुसऱ्याच्या इंग्रजीतून आपल्यापर्यंत येतात. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा, पण वस्तीवर जन्मून चार दिवसांत गेलेल्या बाळाची नोंद करायला तालुक्याला कोण जाणार होते? म्हणून पहिल्या रकान्यातला १७६ हा आकडा कुठल्या कचेरीच्या दप्तरातून आलेला नाही. घरोघर जाऊन, उंबऱ्यावर बसून, किती झाली आणि किती राहिली हे विचारावे लागले. १९९२ ते २००७चा आकडाही तसाच मिळाला. प्रश्न विचारणाऱ्या बाया, आणि बोटांवर मोजून उत्तर देणाऱ्या आया.